पपईच्या शेतातली वावटळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. समजा, तुम्ही एका लांब, सरळ धावपट्टीच्या कडेला उभे आहात. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आहे. डोळे बारीक केलेत तर तिच्या माथ्यावर तोरणमाळच्या पठाराची सपाट कड दिसेल. आजूबाजूला शेतंच शेतं. कापूस वेचून, पऱ्हाट्या उपटून नांगरलेली काळी रानं, उसाचे फड, केळीच्या बागा, पपई. फाल्गुनातलं ऊन आहे, पायाखालचं डांबर मऊ झालं आहे. आता मान वर करा. आभाळात चिमणीएवढं विमान दिसतंय? त्यातून तिळाएवढा एक ठिपका सुटला. मोजा. एक, दोन, तीन… पस्तीसपर्यंत मोजा. तोवर तो ठिपका नुसता पडतच राहतो. आणि मग एकदम फुलतो, रंगीत पॅराशूट होऊन तरंगायला लागतो.

मोजलंत? आता असं समजा की तो ठिपका म्हणजे तुमची आई आहे.

कळसाडीची रुचिका गेले दहा दिवस असं मोजत होती. दिवसातून चार वेळा, कधी पाच वेळा.

रुचिका पाचवीत. तिचे बाबा शहाद्याला बँकेत. घरी ते, आजी आणि ती. आई, कामिनी, वर्षातले अकरा महिने दुबईकडच्या एका मैदानावर काम करायची. लोकांना पॅराशूटने उडी मारायला शिकवायची आणि त्यांची पॅराशूटं घडी करून द्यायची. रोज रात्री फोन यायचा. फोनवर आईच्या मागे नेहमी कुणीतरी हाका मारत असायचं.

यंदा मात्र आई मधेच घरी आली होती, कारण शिबिरच घराजवळ आलं होतं. कळसाडीपासून सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर एक जुनी खाजगी धावपट्टी होती. तिथे पुण्याकडच्या, गुजरातेतल्या अनुभवी उडीबाजांनी दहा दिवसांचं शिबिर भरवलं होतं. रुचिकाला वाटलं होतं, दहा दिवस आई. प्रत्यक्षात आई अंधार असतानाच धावपट्टीवर जायची, दिवसभर उडी, घडी, उडी, घडी, आणि संध्याकाळी घरी येऊन ताटावरच पेंगायची. शाळा सुटली की रुचिका सायकल दामटत धावपट्टीवर यायची आणि नथ्थूभाऊंच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसायची.

नथ्थूभाऊंचं काम मजेचं होतं. वाऱ्याने भरकटून कुणी लांबच्या रानात उतरलं की त्याला ट्रॉलीत घालून परत आणायचं.

"काय व रुची," ते गावच्या बोलीत म्हणायचे, "तुन्ही माय आभायमा ऱ्हास, तू मन्हा ट्रॅक्टरवर ऱ्हास. मंग घरमा कोन ऱ्हास?"

"आजी ऱ्हास."

"ती काय म्हनस?"

"म्हनस, सून वरतून पडस, आन पापड मीच लाटस!"

नथ्थूभाऊ स्टिअरिंगवर हात आपटून हसायचे.

या उडीबाजांच्या काही रीती होत्या, त्या रुचिकाला पाठ झाल्या होत्या. कुणी पहिल्यांदा काही केलं, चांगलं किंवा वाईट, की त्याने सगळ्यांना जिलबी द्यायची. पुण्याचा ललित पहिल्यांदाच उसात उतरला, तेव्हा त्याने दोन किलो आणली होती. दुसरी रीत अशी की विमानात चढण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि म्हणायचं, "बघ रे जरा." मग दुसरा त्याचे पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, पाठीवरच्या पिशवीच्या पिना, सगळं हात लावून बघायचा. शेकडो उड्या मारलेला माणूससुद्धा असा मुकाट उभा राहायचा. "मला कळतं" असं तिथे कुणी म्हणत नसे.

आणि तिसरी रीत झेंड्याची. रोज सकाळी हेमकांत सर सगळ्यांना गोल उभं करत. साठी उलटलेले सर शिबिराचे प्रमुख होते. गुडघा गेला असल्याने ते स्वतः आता उडी मारत नसत. जमिनीवरची सगळी काळजी त्यांची. लाल कापडाच्या झेंड्याकडे बोट करून ते म्हणत, "ज्याला काही खटकेल त्याने हा उचलायचा. पायलट असो, ट्रॅक्टरवाला असो, पाचवीतली पोर असो. झेंडा वर गेला की विमान थांबलं. उचलणाऱ्याशी कुणी भांडायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत. आणि वावटळ दिसली तर ती दिसल्यापासून अर्धा तास उडी बंद. घड्याळ लावून."

वावटळीची भीती तिथे सगळ्यांनाच होती. तुम्हीही पाहिली असेल. नांगरलेलं रान तापतं आणि अचानक धुळीचा खांब गरगरत चालायला लागतो. जमिनीवर आपण डोळे झाकून घेतो, ती जाते. पण माणूस तीस-चाळीस फुटांवर तरंगत असताना ती आली तर पॅराशूट कागदासारखं चुरगळतं. मग कितीही कसलेला उडीबाज असो, हाडं मोडतात.

आईने रुचिकाला एक शब्द दिला होता. "शेवटच्या दिवशी दुपारी एक तास. फक्त तू आणि मी."

"शप्पथ?"

"शप्पथ."

पण मधले दोन दिवस जोराचा वारा सुटला, विमान जागचं हललं नाही, आणि राहिलेल्या सगळ्या फेऱ्या शेवटच्या दिवसावर आल्या. त्या दिवशी रविवार होता. रुचिका सकाळपासून तिथेच होती. दोन वाजता आई म्हणाली, "पुढच्या फेरीनंतर." तीन वाजता म्हणाली, "ही एकच." चार वाजता ती खाली उतरली, पॅराशूट ताडपत्रीवर टाकलं, दुसरं तयार असलेलं पाठीवर चढवलं आणि ट्रॉलीपाशी येऊन रुचिकाच्या गालाला धुळीचा हात लावला. "ही शेवटची. दिवाल्यादादा बऱ्याच वर्षांनी उडी मारतायत, त्यांच्याबरोबर मला जायलाच हवं." आणि ती विमानाकडे चालायला लागली.

रात्री नंदुरबारहून आईची गाडी होती. मधे सामान बांधणं, शेजारच्या बायका, आजीच्या सूचना. तास असा उरलाच नव्हता.

रुचिकाने ठरवून काही केलं असं नाही म्हणता येणार. झेंडा ट्रॉलीला टेकवलेला होता. आईची पाठ लांब जात होती. झेंडा वर गेला.

विमानाचा पंखा फिरायचा थांबला. हेमकांत सर लंगडत आले.

"काय दिसलं?"

"वावटळ."

"कुठे?"

"तिकडे. पपईच्या शेतात."

"केवढी?"

"झाडाच्या दुप्पट."

"कुणीकडे गेली?"

"उसाकडे."

सरांनी घड्याळ बघितलं आणि नोंदवहीत लिहिलं: चार वाजून पाच मिनिटे, पपई, उसाकडे. "छान केलंस," ते म्हणाले. सगळ्यांनी पपईकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. पण वावटळ येते तशी जातेच. कुणीही काही विचारलं नाही. ललितने तर तिला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

"म्हणजे चार पस्तीस," पायलट म्हणाला. "सर, मला साडेचारपर्यंत उडायलाच हवं. यांना वर सोडून तसाच परत जाणार, अंधाराआधी पोचायचंय."

"मग ही फेरी रद्द," सर म्हणाले.

"पाच मिनिटांचाच तर…"

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

विमानाच्या दारातून दिवाल्यादादा उतरले. छप्पन्न वर्षांचा, काटक माणूस. फौजेत पॅराशूटवाल्या पलटणीत अठरा वर्षं काढलेली, सहाशेवर उड्या झालेल्या. त्यांनी छातीचा पट्टा सोडला, पिशवी उतरवली आणि सावलीत नेऊन ठेवली.

आणि आई परत आली!

"चल," आई म्हणाली, "तास नाही, पण घरी जाऊन सामान बांधायच्या आधी अर्धा तास मिळाला. बसून काय करू या?"

"घडी," रुचिका म्हणाली.

मग आईने पाठीवरची पिशवी उतरवली आणि त्या दोघी ताडपत्रीवर बसल्या. मगाशी आईने टाकलेलं पॅराशूट पसरलेलं होतं, केशरी आणि पांढरं. आईने दोऱ्या खांद्यावरून घेतल्या, कापडाचे पदर एकेक करून मोजत नीट केले आणि ते जमिनीवर आडवं केलं. आत हवा होती, उशीसारखी.

"आता झोप त्याच्यावर."

रुचिका पालथी पडली. कापड गार होतं, सुळसुळीत. तिच्या अंगाखालून हवा हळूहळू सुसकारा टाकत निघाली. आई शेजारी गुडघ्यांवर रेलून दाबत होती. तिच्या वेणीला दोरीच्या जुड्या बांधायचं रबर लावलेलं होतं. तिच्या अंगाला ऊन, धूळ आणि आजीच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. रुचिकाने डोळे मिटले. हवा संपूच नये असं तिला वाटलं.

"झोपलीस की काय?"

"हवा काढतेय."

"हवा कधीच गेली गं. ऊठ. आता ही बघ, या लांब पट्टीवर बारीकशी खिडकी आहे. आत निळं दिसतंय?"

"हो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे छोटी छत्री तयार आहे. ती मोठीला ओढून बाहेर काढेल. निळं दिसलं नाही तर ती नुसतीच फडफडणार."

आई थांबली. "कुणी शिकवलं तुला?"

"तूच. मागच्या दिवाळीत. फोनवर."

आईने रबरात दोऱ्यांची एक जुडी अडकवली, मग दुसरी.

"माझ्या गणिताच्या वहीकडे तू इतकं बारीक कधी बघत नाहीस," रुचिका म्हणाली.

"वही नाही उघडली तर कुणी पडत नाही."

"मी पडले ना. सत्तर मार्कांवर."

"शंभरात?"

"हो."

"मग बरी उतरलीस की! उसात तर नाही ना गेलीस?"

दोघी हसल्या. आईने तिचं डोकं जवळ ओढलं आणि केसांवर हनुवटी टेकवली. अशी बसली, जणू जायचंच नाही.

तेवढ्यात त्यांच्यावर सावली पडली. दिवाल्यादादा उभे होते. त्यांच्या दंडाला धरून एक खूप म्हातारी बाई उभी होती, वाकलेली, कपाळावर गोंदण, गळ्यात चांदीची जड माळ. ती दादांची आई, तापीबाई. सकाळीच जीपमधून तोरणमाळचा घाट उतरून आली होती आणि दिवसभर शिबिराच्या मांडवाच्या कडेला बसून वर बघत होती.

ती तिच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. दादांनी सांगितलं, "आई विचारते, झेंडा उचलणारी पोरगी हीच का?"

रुचिकाने मान हलवली.

तापीबाईने पदराची गाठ सोडली. आत मूठभर चारोळी होती. तिने रुचिकाचा हात उघडला, त्यात सगळी ओतली आणि तिची बोटं आपल्या खरखरीत हाताने मिटली. परत काहीतरी म्हणाली.

"म्हणते, तुझे डोळे चांगले आहेत. तिच्या पोराचे पाय तू वाचवलेस." दादा हसले. "काल रात्रभर झोपली नाही ती. पोरगा आभाळातून पडणार म्हणून. मी फौजेत होतो तेव्हा तिने फक्त ऐकलेलं, बघितलं कधीच नव्हतं. म्हणाली, मरायच्या आधी एकदा बघते."

"मग पुढच्या वर्षी?" रुचिकाने विचारलं.

"ती आता परत घाट उतरायची नाही, बेटा. आज उतरली तेच नवल. आणि मला तरी डॉक्टर पुढच्या वर्षी पास करतो का, कोण जाणे." ते उत्तरेला बघत होते, रांगेकडे. "आग्र्याला मारल्या, काश्मीरकडे मारल्या. आपल्या डोंगरावर एक राहिली. म्हटलं, वरून आपला पाडा कसा दिसतो बघावं. असू दे. वावटळीला काय बोलणार?"

तापीबाईचा हात धरून ते मांडवाकडे गेले. म्हातारीने जाता जाता एकदा वर पाहिलं. सवय झाली होती तिला, दिवसभरात.

"खा ना," आई म्हणाली. "चारोळी आहे. डोंगरातली."

रुचिकाची मूठ मिटलेलीच होती. आईच्या मनगटावरचं घड्याळ तिला दिसत होतं. चार वीस. अजून दहा मिनिटांनी विमान निघून जाणार होतं आणि आई जमिनीवरच राहणार होती. काही न बोलता बसून राहिलं की झालं. कुणी विचारणार नव्हतं. इथे कुणी विचारतच नाही.

ती उठली.

"कुठे चाललीस?"

हेमकांत सर नथ्थूभाऊंशी बोलत उभे होते. रुचिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, पपईत वावटळ नव्हती."

सर खाली बघत राहिले. "मग काय दिसलं होतं?"

"काहीच नाही. आई परत विमानाकडे चालली होती."

नथ्थूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. मागून ललित आला होता, त्याने ऐकलं. आईही ताडपत्रीवरून उठून आली होती, तिनेही ऐकलं. तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला, कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा.

सरांनी नोंदवही उघडली. चार वाजून पाच मिनिटांच्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी काहीतरी लिहिलं. "यावर आपण बोलणार आहोत, रुचिका. नीट, बसून. आत्ता वेळ नाही." मग त्यांनी हाक दिली, "दिवाल्या! पट्टे चढव! कामिनी, तू पण!"

आईने पिशवी पाठीवर घेतली. दिवाल्यादादा पळतच आले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "बघ गं जरा." आईने त्यांचे पट्टे, पिना बघितल्या. मग तिने पाठ केली आणि दादांनी तिचे बघितले. सगळं नेहमीसारखंच, सावकाश. घाई असली तरी इथे ते सावकाशच करायचं असतं.

"रुचिका, ट्रॉलीवर चढ," सर म्हणाले. "सगळी रानं बघ. खरंच बघ. आणि मला सांग."

"सर," ललित हळूच म्हणाला, "परत तिलाच?"

"आपल्या पायाने सांगायला आली ना? आता हिच्याइतकं नीट कुणी बघणार नाही. मी आणि नथ्थू दक्षिणेकडे बघतो. उत्तर तिची."

रुचिका ट्रॉलीच्या फळीवर चढली. चारोळीची मूठ तिने छातीशी धरली होती. पंखा फिरायला अजून सुरुवात झाली नव्हती. आई विमानाच्या दाराशी उभी होती, एक पाय पायरीवर. सगळे थांबले होते.

तिने पपईकडे बघितलं. मग उसाचा फड. मग केळीची बाग, तिची फाटकी पानं लोंबत होती, हलत नव्हती. मग नांगरलेलं काळं रान, एकेक सरी करून, पार डोंगराच्या बाजूच्या बांधापर्यंत. एक दिसावी, असं तिला वाटत होतं. एकच, छोटीशी, खरी. मग तिला ओरडून सांगता आलं असतं आणि ते खरं असतं आणि आई त्या पायरीवरून खाली उतरली असती. बांधावर एक वाळकं पान उठलं. गरकन फिरलं, एकदा, दोनदा. रुचिकाने श्वास रोखला. पान परत मातीत पडलं आणि पडूनच राहिलं.

तिने अजून थोडं थांबून बघितलं. मग मोकळा हात तोंडाशी धरला.

"काही नाही!" ती ओरडली. "रानं मोकळी आहेत! जा!"

पंखा फिरला, गवत आडवं झालं, विमान धावत गेलं आणि उचललं गेलं. मांडवातले सगळे बाहेर आले. तापीबाईने कपाळावर आडवा हात धरला. नथ्थूभाऊंनीही मान वर केली, मग सरांकडे बघून पटकन परत दक्षिणेच्या रानांकडे वळवली. आवाज चढत चढत गेला, बारीक झाला. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणालं, "सुटले! दोघंही सुटले!" आणि सगळे मोजायला लागले, एक, दोन, तीन…

रुचिकाही मोजत होती, ओठांतल्या ओठांत. पण तिने वर बघितलं नाही. आभाळाकडे पाठ करून ती ट्रॉलीवर उभी राहिली आणि रानांवरून नजर फिरवत राहिली, पपई, ऊस, केळी, काळी माती, आणि परत पपई, दोघांचेही पाय जमिनीला लागेपर्यंत.